संत्र्याच्या तोडीला मामाच्या गावी

लहानपणी मामाचं गाव म्हणजे मे महिना. आई पुण्यात शाळेत शिकवायची, त्यामुळे अमरावती जिल्ह्यातल्या वरूडला जाणं व्हायचं ते उन्हाळ्याच्या सुट्टीत, फार तर दिवाळीला. मेमध्ये आंबिया बहाराची, म्हणजे हिवाळ्याअखेर फुलणाऱ्या बहाराची, फळं सुपारीएवढी असतात आणि दिवाळीला मोठी झाली तरी हिरवी, आंबट. पिकलेली संत्री आम्हाला दिसायची ती पुण्यातच, दर डिसेंबरात ट्रॅव्हल्सने येणाऱ्या खोक्यात. त्यावर मामाच्या अक्षरात आईचं नाव आणि आमचा पत्ता असायचा.

आईचं लग्न १९७९ साली झालं. त्यानंतर एकदाही तिने माहेरची तोड पाहिली नव्हती. निवृत्तीनंतर जाऊ म्हणत होती, पण मग बाबांच्या आजारपणात वर्षं गेली. यंदा डिसेंबर उजाडला आणि मामाचा फोन आला, ‘तोड लागून राहिली, येतं का बाई?’ आई म्हणाली, ‘येते.’ मी माझ्या नऊ वर्षांच्या लेकीची चार दिवसांची रजा टाकली आणि आम्ही तिघी निघालो.

पहिला दिवस

पहाटे बडनेऱ्याला उतरलो, अमरावतीहून एसटीने मोर्शीमार्गे वरूडकडे. थंडी चांगलीच होती. मोर्शी मागे पडली तसा रस्त्याचा रंग बदलत गेला. दोन्ही बाजूंना कापसाची पांढरी वावरं, मधे शेंगांनी वाकलेल्या तुरीच्या ओळी, आणि मग काळ्या मातीत गर्द हिरव्या बागा. ठिकठिकाणी सडकेच्या कडेला तणसावर संत्र्यांचे ढीग, भोवती निवडणाऱ्या बाया. उत्तरेला सातपुड्याची निळसर रांग शेवटपर्यंत सोबत. आईने खिडकी बंद करू दिली नाही. एसटीत येणारा तो संत्र्याच्या सालीचा वास तिला हवा होता.

फाट्यावर मामा आणि मामेभाऊ, आमचा दादा, गाडी घेऊन उभे होते. मामा आता बहात्तर वर्षांचा आहे. त्याने आईला नमस्कार करू दिला नाही, तिच्या हातातली पिशवी घेतली आणि म्हणाला, ‘चाल, पयले वावरात जाऊ, मंग घरी.’

तर आम्ही तोंडसुद्धा न धुता बागेत पोचलो. मी आयुष्यात पहिल्यांदा लदलेली बाग पाहत होते. फोटोत दिसतं तेवढंच ते नसतं. फांद्या फळांच्या वजनाने इतक्या खाली येतात की त्यांना बांबूचे टेकू द्यावे लागतात. एकेका झाडाला चार, पाच, सहा बांबू. झाडाखाली वाकून शिरलं की डोक्याभोवती नुसती फळं, आणि उजेडसुद्धा केशरी. लेक एका झाडाखाली जाऊन बसली ती बोलेचना. आई मात्र झाडं मोजत होती. ‘तिकडची ओळ कुठे गेली?’ तिने मामाला विचारलं.

तीन एकरांत सव्वातीनशेच्या वर झाडं होती. आता एकशे नव्वद उरली आहेत. काही डिंक्या रोगाने गेली, काही पाण्यावाचून. मामाने ते सांगितलं आणि रिकाम्या जागेकडे न पाहता पुढे चालायला लागला.

रात्री मामीच्या हातचं जेवण. पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या झाडाच्या, काड्यांवर भाजलेल्या वांग्यांचं भरीत, त्यात कच्ची कांद्याची पात आणि हिरवी मिरची, ज्वारीची भाकर, आणि तुरीच्या ताज्या सोल्यांची आमटी. सोले म्हणजे हिरव्या शेंगांतले दाणे. हे हिवाळ्यात दोन महिनेच मिळतात आणि वाळलेल्या डाळीशी त्यांच्या चवीचा काही संबंध नाही. मामी वहिनींना म्हणाली, ‘वरून सांबार टाक जरासा,’ तेव्हा लेक इडलीची वाट पाहू लागली. इकडे सांबार म्हणजे कोथिंबीर, हे कळल्यावर चार दिवस ती प्रत्येक घासाला सांबार मागत होती.

त्या आठवड्यात शेतीची वीज रात्रीची होती. एक वाजता दादा स्वेटरवर घोंगडी घेऊन हरभऱ्याला पाणी द्यायला गेला. बागेचं पाणी मात्र तोडलेलं होतं. आंबिया बहार धरायचा तर फळं उतरत आली की झाडाला ताण द्यावा लागतो. पाणी बंद ठेवायचं, पानं मलूल होऊ द्यायची, आणि जानेवारीत पुन्हा पाणी सोडलं की झाड फुलून येतं. मामा म्हणाला, ‘झाडाले तहान लागू द्या लागते. पण मोजून. दोन-चार दिवस इकडे तिकडे झाले तर झाडच बसते.’

कुणाला यायचं असेल तर: आंबिया बहाराची संत्री साधारण नोव्हेंबर ते जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत उतरतात, पावसाळ्याच्या सुरुवातीला फुलणाऱ्या मृग बहाराची फेब्रुवारी-मार्चमध्ये. डिसेंबरात आलात तर संत्री, कापूस आणि तुरीच्या शेंगा तिन्ही एकदम मिळतात. रात्रीसाठी जाड स्वेटर आणि कानटोपी घ्याच. दुपारी ऊन चटकतं, म्हणून टोपीही.

दुसरा दिवस

सकाळी सातला व्यापाऱ्याचा ट्रक आणि तोडणाऱ्यांची टोळी आली. बारा जण, मेळघाटातले. आपापसांत कोरकूत बोलत होते, आमच्याशी हिंदीत. त्यातला एक मुलगा झाडाच्या पोटात शिरला की फक्त त्याचे हात दिसायचे.

तोड कशी करतात हे मी तासभर उभी राहून पाहिलं. फळ ओढायचं नाही. ओढलं की देठाजवळची साल फाटते आणि ते फळ दोन दिवसांत सडायला लागतं, सोबतची चार घेऊन. म्हणून कात्री. आधी देठ जरा लांब कापायचा, मग फळ हातात आलं की दुसऱ्यांदा सालीच्या बरोबरीने. उरलेला देठ बोटभर जरी राहिला तरी कॅरेटमध्ये तो शेजारच्या फळाला टोचतो. हे दोन कट त्या मुलाच्या हातात इतके भरभर होत होते की एकच आवाज यायचा. त्याने लेकीच्या हातात कात्री दिली आणि मनगट धरून दोन फळं कापून दाखवली. तिसरं तिने एकटीने कापलं.

तोडलेला माल झाडाखाली ढिगात, मग निवड. मोठं फळ, मध्यम, आणि बारीक म्हणजे चुरी. चुरीला भाव नसल्यातच जमा. डागी, कोळशी रोगाने काळं पडलेलं फळ वेगळं.

इथे व्यवहाराचं सांगायला हवं, कारण मला ते ठाऊक नव्हतं आणि पुण्यात किलोने संत्री घेणाऱ्या बहुतेकांना नसेल. मामा आपल्या बागेची फळं स्वतः तोडत नाही. बाग उक्ती, म्हणजे सगळी मिळून एकाच रकमेला, विकली जाते. फळं हिरवी असतानाच, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, व्यापारी येऊन बाग पाहतो, अंदाज बांधतो, सौदा होतो, इसार देतो. यंदा सौदा साडेतीन लाखांचा ठरला होता. त्यानंतर फळगळ झाली ती मामाने सोसली, रस शोषणाऱ्या पतंगांसाठी संध्याकाळी बागेत धूर केला, टेकू लावले, राखण केली. आणि आज, टोळी झाडावर चढायच्या आधी, व्यापारी बांधावर उभं राहून म्हणाला की बाजार पडला आहे, साठ हजार कमी करा.

हे दर वर्षी होतं असं दादा म्हणाला. पिकलेलं फळ झाडावर फार थांबत नाही, आणि ते व्यापाऱ्यालाही माहीत असतं. कारणं खरी असतात, ती तर आणखी वाईट गोष्ट. इथली संत्री मोठ्या प्रमाणात बांगलादेशात जायची. तिकडे आयात शुल्क वाढत गेलं तसा तो माल देशातच राहू लागला आणि भाव उतरले. नागपुरी संत्र्याला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, विदर्भाचा कॅलिफोर्निया म्हणून वरूड-मोर्शीचं नाव झालं, पण बांधावरच्या त्या अर्ध्या तासात मामाच्या हातात त्यातलं काही नव्हतं. तो शांत आवाजात बोलत होता. शेवटी पस्तीस हजार कमी करून तोड सुरू झाली. आई सगळा वेळ मला घट्ट धरून उभी होती. मामासाठी मला इतकं वाईट कधी वाटलं नव्हतं, आणि ते त्याला कळू द्यायचं नव्हतं.

दुपारी त्याने आम्हाला बोअर दाखवली. एक नव्हे, पाच, त्यातल्या तीन कोरड्या. ‘माह्या बापाच्या टाइमाले विहिरीवर मोट चाले. मंग बोअर आली, दीडशे फुटावर पाणी. आता आठशे, नऊशे फूट जा, तरी भरवसा नाही.’ ज्या संत्र्याने गावात पक्की घरं आली, त्यानेच खालचं पाणी उपसलं, हे तो स्वतःच म्हणाला. आता ठिबक आहे, शेततळं आहे. वर्धा नदी याच सातपुड्यातून, मुलताईकडून खाली येते. मोर्शीजवळ तिच्यावर अप्पर वर्ध्याचं मोठं धरण आहे, नळ-दमयंती सागर. पण मामाचं वावर त्याच्या कालव्यात येत नाही.

चारपर्यंत दोन-तृतीयांश बाग उतरली होती. विहिरीजवळचं एक झाड मात्र सोडून टोळी पुढे गेली. त्याच्या खोडाला लाल कापड बांधलेलं होतं. मी विचारलं तर मामा म्हणाला, ‘ते घरचं,’ आणि ट्रककडे गेला.

रस्त्यावर संत्री घेणाऱ्यांसाठी एक गोष्ट मामाकडून शिकले ती सांगते. रंगावर जाऊ नका. साल केशरी होते ती रात्रीच्या थंडीने, त्यामुळे थंडी उशिरा पडली तर गोड फळही थोडं हिरवट राहतं. हातात घेऊन वजन पाहा. आकाराच्या मानाने जड असेल तर रस आहे. साल फुगून आतल्या फोडींपासून फार सुटली असेल तर त्या फळाची चव उतरलेली.

तिसरा दिवस

आज कापूस. मामाच्या चार एकर पऱ्हाटीत दुसरा वेचा चालू होता. पहिल्या वेच्याला सीतादही करतात, ते आमचं हुकलं. वावरात झाडाची पूजा होते, दहीभाताचा नैवेद्य दाखवतात आणि मगच वेचणीला हात लावतात. आईला ते सगळं आठवत होतं, दह्याच्या गडूसकट.

आम्ही आठलाच निघालो होतो, पण मामीने थांबवलं. दव सुकल्याशिवाय वेचायचं नाही. ओला कापूस गाठोड्यात पिवळा पडतो. शिवाय सरकारी खरेदीत ओलावा मोजतात. आठ टक्क्यांपर्यंत असेल तर पूर्ण भाव, त्यावर कपात, आणि बाराच्या पुढे गेला तर माल परत. २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८११० रुपये क्विंटल आहे. दादाने ‘कपास किसान’ ॲपवर नोंदणी करून ठेवली होती. तोवर घरातली एक खोली छतापर्यंत कापसाने भरलेली. लेकीला त्यात उडी मारायची होती, वहिनींनी अडवलं. साठवलेल्या कापसाजवळ राहिलं की अंगाला खाज सुटते.

दहाला वावरात पोचलो. नऊ बाया आधीच ओळीला लागलेल्या, डोक्याला फडकं, साडीवर पुरुषी शर्ट, कमरेला ओटी. ओटी म्हणजे लुगड्याच्या धडप्याची पोटाशी बांधलेली झोळी. मलाही एक बांधून दिली. कापूस वेचणं दुरून हलकं दिसतं. उमललेल्या बोंडाला चार-पाच पाकळ्या, प्रत्येकीत कापसाचा गुच्छ, आणि पाकळीचं टोक वाळून काट्यासारखं झालेलं. माझ्या शेजारी साठीची एक मावशी होती. तिने माझे हात पाहिले आणि म्हणाली, ‘अवो बाई, असं चिमटीनं नाही. पाचही बोटं बोंडावर ठेवा अन् एका वढीत सारा घ्या. वाळला पाला येऊ देऊ नका, भाव कमी होते.’

तिचा हात मी जवळून पाहिला. बोटांची टोकं चिरलेली, त्यावर जुन्या चिरांच्या काळ्या रेघा. दोन्ही हात दोन झाडांवर एकाच वेळी चालत होते आणि नजर तिसऱ्या झाडावर. किडकं, पिवळं बोंड आलं की न पाहता ते दुसऱ्या बाजूच्या पिशवीत. बोंडअळीने खाल्लेल्या त्या कापसाला कवडी म्हणतात, तो चांगल्यात मिसळायचा नाही. संध्याकाळी काट्यावर तिचा कापूस सत्तेचाळीस किलो भरला. माझा आणि लेकीचा मिळून चार. यंदा वेचणीचा दर दहा रुपये किलो आहे. मी आमचे चार तिच्या गाठोड्यात घालायला गेले तर तिने हात धरला. म्हणाली, ‘माहं माह्यानं मोजू द्या.’ मग मी आमचा कापूस मामीच्या ढिगात टाकला.

वेचणीला जायचं असेल तर पूर्ण बाह्यांचा जाड शर्ट आणि बंद बूट घाला. फवारणी कधी झाली ते आधी विचारा, आणि वावरातून आल्यावर हात साबणाने धुतल्याशिवाय काही खाऊ नका.

संध्याकाळी वावरातच रोडगे. तोड झाली की मामाकडे हा बेत ठरलेला. जाडसर गव्हाचं पीठ घट्ट मळून मामी आणि वहिनी लहान-मोठ्या पोळ्या लाटत होत्या. सगळ्यात लहान पोळीला तेल लावून तिचा गोळा, तो दुसऱ्या पोळीत, तो तिसरीत, असा पदरांचा एक मोठा गोळा. मग गोवऱ्यांच्या निखाऱ्यात पुरायचा. पाऊण तासाने बाहेर काढून फडक्यावर आपटून राख झाडली, हाताने दाबला की पदर सुटे होतात, आणि त्यात मामीने वाटीभर तूप ओतलं. सोबत वांग्याची झणझणीत भाजी, वर बोटभर तर्री. मेळघाटची टोळी, वेचणीच्या बाया, आम्ही, सगळे एकाच पंगतीला बसलो. बाहेरचा पदर खरपूस आणि आतला मऊ, आणि धुराची चव तुपापर्यंत गेलेली.

जेवणं झाल्यावर पुरुष ट्रकची दोरी बांधायला गेले. मामी विस्तवाशी बसून होती. मी लाल कापडाच्या झाडाचं पुन्हा विचारलं. ती आईकडे पाहत म्हणाली, ‘सांगतलं नाही का यायनं? ते बाईचं झाड हाय. सौदा करताना पयले ते काढून घेतेत, मंग बाकी बागेचा भाव. तुमच्याकडे खोकं जाते ना, ते त्याच झाडाचं. पहिलं झाड डिंक्यानं गेलं तं हे दुसरं धरलं.’

शेहेचाळीस वर्षं आम्ही ती संत्री खात होतो. आईला माहीत नव्हतं. ती काही बोलली नाही, फक्त मामीचा हात हातात घेऊन बराच वेळ बसली.

चौथा दिवस

सकाळी मामा आम्हाला शेंदूरजनाघाटला घेऊन गेला. तिथल्या रोपवाटिकांची मैलोन्‌मैल ख्याती आहे, आणि संत्र्याचं झाड मुळात दोन झाडांचं असतं हे तिथे डोळ्यांनी दिसतं. खाली जंबेरीचं रोप, म्हणजे आंबट, खडबडीत सालीच्या लिंबाचं, त्याची मुळं चिवट. त्याच्या खोडावर चाकूने इंग्रजी टी अक्षरासारखी चीर देतात आणि चांगल्या संत्र्याच्या झाडाचा एक डोळा, म्हणजे कोंब फुटायची गाठ, तिच्यात सरकवून पट्टी गुंडाळतात. डोळा धरला की वरचा जंबेरीचा शेंडा कापून टाकायचा. एका कारागिराने आमच्यासमोर डोळा भरला. श्वास चार वेळा घेतला असेल तोवर पट्टीची गाठही मारून झाली.

मामाने खिशातून पट्टी काढून जमिनीपासून डोळ्यापर्यंतचं अंतर मोजलं. नऊ इंच. त्याच्या जुन्या झाडांचे डोळे जमिनीलगत भरलेले होते, पावसाळ्यात ओल्या मातीचा संपर्क येऊन डिंक्याने खोडं गेली, असं तो म्हणाला. त्याने शंभर रोपांची नोंद केली. लागवड पुढच्या पावसाळ्यात, फळं पाच वर्षांनी. रिकाम्या झालेल्या त्या ओळींसाठी.

परतताना थांबत थांबत आलो. दुपारी आई एकटीच विहिरीकडे निघाली, मग आम्हीही मागोमाग गेलो. मामाने कात्री आणून तिच्या हातात दिली. बाकीची बाग रिकामी, बांबू ढिगात रचलेले, आणि मधे हे एकच झाड भरलेलं. आईने पहिलं फळ कापलं, देठ लांब ठेवून, मग दुसरा कट. कुणी शिकवलं नव्हतं, लग्नाआधीचं तिच्या हातात होतं. ते सोलून तिने आधी मामाला अर्धं दिलं. मग तासभर सगळ्यांनी मिळून तोडलं, लेक खालच्या फांद्या, दादा शेंडा. मामा म्हणाला, ‘आठ-दहा राहू दे वरची.’ ती राहिली.

संत्री न्यायची असतील तर प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधू नका, घाम सुटून सडतात. पुठ्ठ्याचं खोकं घ्या, बाजूंना भोकं पाडा, तळाशी आणि मधे तणस किंवा कागद टाका. थंडीत दहा-बारा दिवस चांगली राहतात.

रात्रीच्या गाडीसाठी निघायच्या आधी मामाने ओसरीवर बसून खोकं भरलं. तणसाचा थर, फळांचा थर, पुन्हा तणस. देठाची बाजू खाली. झाकण लावून सुतळी बांधली, दोन वेळा ओढून पाहिली. मग दादाला मार्कर आणायला सांगितलं. दादा म्हणाला, ‘बाबा, बाई सोबतच तर नेऊन राहिली.’ मामाने चष्मा लावला आणि नेहमीच्या अक्षरात, सावकाश, आईचं नाव लिहिलं आणि खाली आमचा पुण्याचा सगळा पत्ता, पिनकोडसकट.